पावणेसहा फुटांचे धावपटू

अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, चेंडू हातात घेऊन सर्वाधिक अंतर धावलेल्या खेळाडूंच्या यादीतली पहिली चार नावे अशी आहेत: एमिट स्मिथ १८,३५५ यार्ड, वॉल्टर पेटन १६,७२६, फ्रँक गोर बरोबर १६,००० आणि बॅरी सँडर्स १५,२६९. या चौघांत सर्वांत उंच पेटन, तोही ५ फूट १० इंच. स्मिथ आणि गोर ५ फूट ९ इंच, म्हणजे पावणेसहा फूट. सँडर्स त्याहून इंचभर कमी. सहा फुटांच्या वरचा पहिला माणूस, एड्रियन पीटरसन, पाचव्या क्रमांकावर भेटतो.

यादी सर्वांसमोर आहे. तरीही दर वर्षी हिवाळा सरताना इंडियानापोलिस शहरात महाविद्यालयीन खेळाडूंची चाचणी भरते तेव्हा तोच प्रश्न विचारला जातो. तिथे खेळाडूची उंची इंचाच्या आठव्या हिश्शापर्यंत मोजतात, वजन घेतात, हाताच्या पंजाची रुंदी पाहतात, चाळीस यार्ड पळायला लावतात. एखादा चपळ, बुटका रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, काट्यावरून उतरला की निरीक्षकांच्या वह्यांत शंका उमटते: हा इथे टिकेल का?

शंका अगदीच निराधार नाही. हा खेळच दांडग्यांचा आहे. मैदान शंभर यार्डांचे, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा; नेला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. आक्रमण करणाऱ्या संघाच्या पहिल्या ओळीत पाच लाइनमन असतात, साधारण साडेसहा फुटांच्या घरातले आणि १४० किलोंच्या आसपासचे. समोरच्यांना ढकलून त्यांनी फट उघडायची, डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकने चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी द्यायचा आणि त्याने ती फट मिटायच्या आत पलीकडे निसटायचे. पलीकडे लाइनबॅकर उभे असतात, शंभर-सव्वाशे किलोंचे आणि पळायलाही वेगवान. कुस्तीत वजनगट असतात, कबड्डीत वजनाची मर्यादा असते. इथे तसे काहीच नाही. ऐंशी किलोंच्या माणसावर सव्वाशे किलोंचा माणूस पूर्ण वेगाने येऊन आदळू शकतो आणि नियमांत ते बसते.

मात्र या वादात दोन वेगळ्या गोष्टींची सतत गल्लत होते. बुटका आणि हलका हे दोन निराळे खेळाडू आहेत. सँडर्स १७३ सेंटिमीटर उंच होता, पण त्याचे वजन ९२ किलोंच्या घरात होते आणि त्यातला मोठा वाटा मांड्यांत व पार्श्वभागात होता. मॉरिस जोन्स-ड्रू ५ फूट ७ इंचांचा, वजन सुमारे ९५ किलो. हे लहान देह नव्हेत, ठासून भरलेले देह आहेत. उलट २०२३ साली नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) डॅलस काउबॉइजने घेतलेला ड्यूस वॉन ५ फूट ५ इंच आणि ८१ किलो. जोन्स-ड्रू आणि वॉन यांच्यात उंचीचा फरक दोन इंचांचा आहे, वजनाचा चौदा किलोंचा. दोघांना 'लहान' या एकाच खणात टाकले की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

बुटकेपणाचे फायदे सरळ आहेत. शरीराचा गुरुत्वमध्य खाली असल्याने तोल सहज जात नाही, आखूड पावलांमुळे दिशा पटकन बदलता येते. टॅकल करणाऱ्याला, म्हणजे पकडून पाडणाऱ्याला, वाकून खाली यावे लागते आणि वाकलेल्या माणसाचा जोर कमी पडतो. टकरीत ज्याचे खांदे खाली, त्याची सरशी, हे इथले प्रशिक्षक शाळकरी पोरांनाही घोकायला लावतात. त्यात पुढे साडेसहा फुटी लाइनमनची भिंत असली की लाइनबॅकरला हा माणूस दिसतच नाही. दिसतो तेव्हा तो दोन पावलांवर आलेला असतो.

सँडर्सची कहाणी जरा सविस्तर सांगायला हवी, कारण या प्रश्नाची दोन्ही उत्तरे तिच्यात आहेत. तो कॅन्ससमधल्या विचिटा शहरातला, वडील छपरे दुरुस्त करणारे. शाळेत चेंडू घेऊन धावण्याची खरी संधी त्याला शेवटच्या वर्षीच मिळाली, आणि उंचीकडे पाहून शिष्यवृत्ती देऊ करणारी महाविद्यालयेही मोजकीच निघाली. ओक्लाहोमा स्टेटने त्याला घेतले. तिथे दोन वर्षे तो थर्मन थॉमस या दुसऱ्या मोठ्या रनिंग बॅकच्या मागे उभा होता. थॉमस व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला आणि १९८८ च्या हंगामात सँडर्सने अकरा सामन्यांत २,६२८ यार्ड धाव घेतली. महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च मान असलेली हाइजमन ट्रॉफी त्या वर्षी त्याची झाली आणि पुढच्या वर्षी डेट्रॉइट लायन्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले.

१९८९ हे त्याचे पहिलेच वर्ष. त्या हंगामाच्या अखेरीस सर्वाधिक धावेच्या शर्यतीत दोन माणसे उरली. एक सँडर्स, दुसरा कॅन्सस सिटी चीफ्सचा ख्रिश्चन ओकोये: नायजेरियात जन्मलेला, ६ फूट १ इंच आणि ११८ किलो. अंगावर येणाऱ्याला तुडवत जाणारा ओकोये आणि हाताला न लागणारा सँडर्स. शेवटी ओकोये १,४८० यार्डांवर थांबला आणि सँडर्स १,४७० वर. अखेरच्या सामन्यात विजय हातात आल्यावर सँडर्स बाकावर होता. अजून थोडे धावलास की पहिला क्रमांक तुझा, असे त्याला सांगण्यात आले. त्याने मैदानात जायला नकार दिला.

दहा यार्डांच्या फरकाने दोघे जवळजवळ बरोबरीत दिसतात. पण त्या १,४८० यार्डांसाठी ओकोयेला ३७० वेळा चेंडू द्यावा लागला होता, सँडर्सला २८० वेळा. तीव्र टकरींवर उभा असलेला ओकोयेचा खेळ सहा हंगामांत आटोपला. सँडर्स दहा हंगाम खेळला, १६० पैकी १५३ सामने खेळला, आणि त्यातल्या एकाही हंगामात हजार यार्डांखाली गेला नाही. लहान माणूस मार खाऊन लवकर मोडेल, ही भीती त्याच्या बाबतीत खरी ठरली नाही, कारण पूर्ण जोराचा मार त्याला फार क्वचित बसला. कबड्डीत चांगला चढाईपटू पकडीच्या क्षणी अंग काढून घेतो तसा तो टक्कर व्हायच्या क्षणी वळलेला असे. टॅकल करणाऱ्याच्या हाती लागायचा तो जर्सीचा काठ किंवा पोटरी.

१९९७ मध्ये पहिल्या दोन सामन्यांत मिळून त्याचे ५३ यार्डच झाले. त्यानंतरच्या चौदाही सामन्यांत त्याने प्रत्येकी शंभराहून अधिक यार्ड केले आणि हंगाम २,०५३ वर संपवला. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला आणि क्वार्टरबॅक ब्रेट फार्वला विभागून मिळाला.

आता दुसरी बाजू. १९९४ च्या हंगामातल्या बाद फेरीत ग्रीन बे पॅकर्सने सँडर्सला असे कोंडले की तेरा वेळा चेंडू घेऊन त्याची एकूण धाव उणे एक यार्ड झाली. मोकळी जागा शोधत तो मागे आणि बाजूला जाई, आणि ती मिळाली नाही की होते तेही यार्ड गमावून बसे. गोलरेषेजवळ, जिथे एक-दोन यार्ड फक्त अंगाच्या रेट्याने काढायचे असतात, तिथे डेट्रॉइटचे प्रशिक्षक अनेकदा त्याला बाहेर बसवून भारी माणूस आत पाठवत. त्याच्या चाहत्यांना हे कधी पटले नाही. निर्णय मात्र अगदीच अनाकलनीय नव्हता.

१९९९ च्या जुलैमध्ये, पेटनचा तेव्हाचा विक्रम मोडायला १,४५८ यार्ड उरलेले असताना, सँडर्सने गावच्या 'विचिटा ईगल' या वृत्तपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती जाहीर केली. नुकतीच एकतिशी गाठलेली, गुडघे धड होते. संघाच्या पराभवांना तो कंटाळला होता. शरीराने त्याला थांबवले नाही.

पेटनचा विक्रम पुढे २००२ मध्ये एमिट स्मिथने मोडला, आणि स्मिथ तर सँडर्ससारखा चपळही नव्हता. १९९० च्या निवडीत सोळा खेळाडूंची नावे पुकारून झाल्यावर डॅलसने त्याला घेतले. लहान आहे आणि वर संथही आहे, असा त्याच्यावर शिक्का होता. त्याचे बळ नजरेत होते. फट कुठे उघडणार हे त्याला आधी कळे आणि तिथवर पोचायला तो घाई करत नसे. २ जानेवारी १९९४ रोजी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धच्या सामन्यात पूर्वार्धातच त्याचा खांदा निखळला. तो खेळत राहिला. धावून १६८ यार्ड काढले, वर दहा झेल घेतले, आणि डॅलसने जादा वेळेत १६-१३ असा विजय मिळवला. लहान चणीचा खेळाडू सोसू शकत नाही, असे म्हणणाऱ्याने हा सामना पाहावा.

गोरचे तर दोन्ही गुडघे महाविद्यालयातच शस्त्रक्रियेतून गेले होते. तो सोळा हंगाम खेळला.

तरी निरीक्षकांच्या वहीत शंका राहते, आणि तिचे खरे कारण धावण्यात नाही. रनिंग बॅकला तीन कामे असतात: धावणे, झेल घेणे आणि क्वार्टरबॅकला वाचवणे. तिसरे काम दूरचित्रवाणीवर दिसत नाही. क्वार्टरबॅक फेकायच्या तयारीत असताना प्रतिस्पर्धी जादा माणसे त्याच्यावर सोडतात, याला ब्लिट्झ म्हणतात. लाइनमन आपापल्या माणसात गुंतलेले असतात आणि मोकळा सुटलेला लाइनबॅकर सरळ क्वार्टरबॅककडे येतो. मध्ये उभा असतो रनिंग बॅक. इथे वळून निसटायचे नसते, ठाम उभे राहून टक्कर घ्यायची असते. ज्या क्वार्टरबॅकवर संघाने कोट्यवधी डॉलर लावले आहेत त्याच्यासमोर ८० किलोंचा राखणदार उभा करायला कुठलाही प्रशिक्षक धजत नाही. लहान बॅकला तिसऱ्या प्रयत्नाला बाहेर बसवतात ते बहुतेक याच कारणाने.

म्हणूनच २००७ च्या नोव्हेंबरमधला जोन्स-ड्रूचा एक ब्लॉक आजही आठवला जातो. तो जॅक्सनव्हिल जॅग्वार्सकडून खेळत होता, समोर सॅन डिएगो चार्जर्स. त्यांचा लाइनबॅकर शॉन मेरिमन ६ फूट ४ इंच आणि १२३ किलो, तेव्हाच्या सर्वांत भीतिदायक खेळाडूंपैकी एक. तो क्वार्टरबॅकच्या दिशेने सुटला आणि जोन्स-ड्रूने खालून येऊन त्याच्या छातीत खांदा घातला. मेरिमन पाठीवर आडवा. २८ किलोंचा आणि नऊ इंचांचा फरक त्या एका धडकेत पुसला गेला, कारण जोन्स-ड्रू त्याच्या खालून आला आणि पाय रोवून आला. या जोन्स-ड्रूला २००६ च्या निवडीत पहिल्या फेरीत कोणी घेतले नव्हते. लीगमधल्या बत्तीसही संघांनी आपल्याला डावलले याची आठवण म्हणून त्याने ३२ क्रमांकाची जर्सी निवडली. २०११ मध्ये १,६०६ यार्डांसह तो साऱ्या लीगमध्ये पहिला आला.

जो बुटका आहे आणि हलकाही आहे, त्याचे काय? इथे उत्तर बदलते, आणि ते बदलले त्याला खेळाचे नियमही कारणीभूत आहेत. १९७८ मध्ये लीगने नियम असे बदलले की झेल घ्यायला धावणाऱ्याला वाटेत अडवणे अवघड झाले आणि लाइनमनला हात लांबवून ब्लॉक करता येऊ लागले. फेकीचा खेळ बहरला. गर्दीत घुसण्याऐवजी मोकळ्या जागेत चेंडू घेणारा माणूस संघांना हवासा झाला. सॅन डिएगोचे प्रशिक्षक डॉन कोरिएल फेकीच्या खेळाचे मोठे प्रवर्तक. त्यांच्या संघात लायोनेल जेम्स नावाचा ५ फूट ६ इंच, ७८ किलोंचा खेळाडू होता, टोपणनाव 'लिटल ट्रेन'. १९८५ मध्ये त्याने झेलांतून १,०२७ यार्ड काढले आणि धाव, झेल व किक परतवणे (प्रतिस्पर्ध्याने लाथाडलेला चेंडू घेऊन उलट धावणे) मिळून २,५३५. पहिला आकडा रनिंग बॅकसाठी तेव्हा विक्रमी होता, दुसरा साऱ्या लीगसाठी. पण त्याची कारकीर्द पाच हंगामांची.

हाच साचा डॅरेन स्प्रोल्सने पूर्णत्वाला नेला. ५ फूट ६ इंच, ८६ किलो. २००५ साली चार्जर्सनी त्याला चौथ्या फेरीत घेतले तेव्हा संघात लाडेनियन टॉमलिन्सन हा मुख्य रनिंग बॅक होता, त्यामुळे स्प्रोल्सच्या वाट्याला किक परतवणे आले. ३ जानेवारी २००९ च्या बाद फेरीच्या सामन्यात टॉमलिन्सन जायबंदी होता. स्प्रोल्सने इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध एकूण ३२८ यार्ड मिळवले आणि जादा वेळेत २२ यार्डांची धाव घेऊन सामना संपवला. २०११ मध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्सकडून त्याने एका हंगामात सर्व मार्गांनी २,६९६ यार्ड केले, लीगचा नवा विक्रम. निवृत्त होताना त्याच्या नावावर एकूण १९,६९६ यार्ड होते. त्यांत चेंडू हातात घेऊन धावल्याचे साडेतीन हजारांच्या थोडे वर. झेलांचे त्याहून जास्त, आणि सर्वांत मोठा वाटा परतवलेल्या किकचा. त्याच्या अंगाला जे काम जमेल तेच त्याच्याकडून करून घेतले गेले, म्हणून तो पंधरा वर्षे टिकला. हे त्याचे श्रेय आहे तितकेच त्याला समजून घेणाऱ्या प्रशिक्षकांचे.

वॉरिक डन मात्र हा साचा मोडून बाहेर आला. ५ फूट ९ इंच, ८५ किलोंच्या आसपास. तो अठरा वर्षांचा झाला त्याच आठवड्यात त्याची आई बेटी स्मदर्स, बॅटन रूजमधली पोलीस अधिकारी, जादा नोकरी करताना दरोडेखोरांच्या गोळीबारात मारली गेली. पाच लहान भावंडांचा भार डनवर आला. १९९७ मध्ये टँपा बेने त्याला बाराव्या क्रमांकावर निवडले आणि जोडीला माइक अ‍ॅलस्टॉट हा ११२ किलोंचा फुलबॅक होता. जड कामे अ‍ॅलस्टॉटची, मोकळ्या जागेतली डनची. पुढे अटलांटात गेल्यावर डनने मुख्य बॅकचा भार उचलला आणि २००५ मध्ये, तिशीत, १,४१६ यार्ड केले. कारकीर्दीत १०,९६७. एकट्याने मुले वाढवणाऱ्या पालकांना पहिले घर मिळवून द्यायला त्याची संस्था हातभार लावते. आईचे स्वतःच्या घराचे स्वप्न राहून गेले होते.

सगळ्या कहाण्या अशा सुफळ नाहीत. शिकागो बेअर्सचा टारिक कोहेन ५ फूट ६ इंचांचा, २०१८ मध्ये पंट या प्रकारची किक परतवणाऱ्यांत लीगचा सर्वोत्तम ठरला; २०२० मध्ये पंट झेलतानाच गुडघा गेला आणि त्यानंतर तो एनएफएलच्या एकाही सामन्यात खेळू शकला नाही. ड्यूस वॉनची निवड डॅलसने केली तेव्हा त्याचे वडील क्रिस हे त्याच संघाचे निरीक्षक होते आणि मुलाला फोन त्यांनीच लावला. त्यांचे भरून आलेले डोळे देशाने पाहिले. कॅन्सस स्टेटकडून शेवटच्या वर्षी दीड हजारांवर यार्ड धावलेल्या या मुलाला पहिल्या हंगामात मात्र तेवीसदाच चेंडू मिळाला आणि त्यातून ४० यार्ड निघाले. ८१ किलोंत टिकणे अशक्य आहे असे म्हणता येत नाही. पण अशा खेळाडूभोवती संघाने आपला आराखडा वाकवायला हवा, आणि सहाव्या फेरीत घेतलेल्या माणसासाठी तसे सहसा कोणी करत नाही.

मोठ्यांच्या बाजूनेही एक आकडा मांडायला हवा. एका हंगामात दोन हजार यार्डांचा टप्पा आजवर नऊ जणांनी ओलांडला आहे. त्यांत ५ फूट ११ इंचांपेक्षा कमी उंचीचा एकटा सँडर्स. २०२० मध्ये हा टप्पा ओलांडणारा डेरिक हेन्री ११२ किलोंचा आहे आणि तिशीतही थांबायचे नाव घेत नाही. एकाच हंगामात प्रचंड भार ओढायचा तर मोठ्या हाडापेराचा उपयोग होतो, हे मान्य करावे लागते. पण मोठा देह म्हणजे चिलखत नव्हे. ह्यूस्टनचा अर्ल कॅम्पबेल १०५ किलोंचा होता, १९८० मध्ये १,९३४ यार्ड धावला, प्रत्येक टक्कर समोरून घेतली आणि आठ हंगामांत संपला. उतारवयात पाठ आणि गुडघ्यांनी त्याला चालणेही अवघड केले.

सध्याचा काळ लहान बॅकना बराच अनुकूल आहे. २४ सप्टेंबर २०२३ रोजी मायामी डॉल्फिन्सनी डेन्व्हरवर तब्बल ७० गुण लादले, त्या दिवशी ५ फूट ९ इंच आणि ८५ किलोंच्या डेव्हॉन अचेनने २०३ यार्ड आणि चार टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणे) केले. त्या पहिल्या हंगामात त्याची सरासरी दर धावेमागे ७.८ यार्ड पडली. सँडर्सच्या डेट्रॉइटमध्ये आता जमीर गिब्स आहे, तोही ५ फूट ९, सुमारे ९० किलो. भारी अंगाच्या डेव्हिड माँटगोमरीबरोबर तो काम वाटून घेत असे. डिसेंबर २०२४ मध्ये माँटगोमरी जायबंदी झाला आणि सगळा भार गिब्सवर आला. ५ जानेवारी २०२५ ला मिनेसोटाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात त्याने चार टचडाउन केले; हंगामातली त्याची एकूण संख्या वीस झाली आणि सँडर्सच्याही नावावर असलेला सतरा टचडाउनचा संघविक्रम मागे पडला.

या सगळ्यांत सर्वांत बोलके उदाहरण लॉस एंजेलिस रॅम्सच्या कायरन विल्यम्सचे आहे, कारण त्याच्याकडे वेगही नव्हता. २०२२ च्या चाचणीत तो ५ फूट ९ इंच आणि ८८ किलो भरला आणि चाळीस यार्डांना त्याने ४.६५ सेकंद घेतले. लहान बॅकसाठी हा आकडा मारकच. पाचव्या फेरीपर्यंत तो थांबला. पण नोत्रदाम विद्यापीठात असल्यापासून ब्लिट्झ ओळखून अंगावर घेण्यात तो पटाईत होता, त्यामुळे रॅम्सना त्याला तिसऱ्या प्रयत्नाला बाहेर काढावे लागत नाही आणि प्रतिस्पर्ध्याला पुढच्या डावाचा सुगावाही लागत नाही. २०२३ मध्ये बारा सामन्यांत १,१४४ यार्ड, २०२४ मध्ये ३१६ वेळा चेंडू घेऊन १,२९९ यार्ड आणि १४ टचडाउन. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संघाने त्याच्याशी तीन वर्षांचा, ३ कोटी ३० लाख डॉलरचा नवा करार केला. ज्या कामामुळे त्याला मैदानात जागा मिळाली, त्या ब्लिट्झ थोपवण्याची खरा लाइनबॅकर अंगावर सोडून घेतलेली चाचणी इंडियानापोलिसमध्ये नाही. उंची आणि वजन मात्र तिथे सर्वांत आधी मोजतात.